दुसरं बोट

आमचं घर आणि सुधाकरकाकांचं घर यांच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर आता बांधकाम सुरू झालं आहे. गेल्या आठवड्यात पायासाठी खड्डे खणले, तेव्हा एका कोपऱ्यातली माती वेगळीच निघाली. अमरावतीच्या या बाजूची जमीन मुळात काळी, पण ही काळी आणि तेलकट होती. फावड्याला चिकटत होती. कामावरच्या एका बाईनं नाकाला पदर लावून मला विचारलं, "ताई, इथं काय पुरलं होतं?"

"ट्रक उभा राहायचा," मी म्हणाले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि ओरडून जास्त बोलणं मला जमत नाही.

दुपारपर्यंत तो वास आमच्या स्वयंपाकघरात आला. सडका कांदा आणि तापलेलं लोखंड एकत्र केल्यासारखा. आई पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "सुधाकरभाऊंचा वास आला गं."

गेअर ऑईलचा वास. तो एकदा हाताला लागला की दोन-तीन दिवस जात नाही. काकांच्या हाताचा तर बाराही महिने जात नसे. काकू संत्र्याची सालं उन्हात वाळवून एका डब्यात ठेवायच्या, केवळ त्यांच्या हातांसाठी. मे महिन्यात एक दिवस काका ओट्यावर बसून ती सालं भिजवून तळहातावर घासत बसायचे, आणि काकू दारातूनच म्हणायच्या, "आवो, बोटांच्या मधात घासा. तशेच घरात याल तर देव उठून चालले जाईन."

"देवाले सांग, गाडी त्याच्याच नावावर हाय," काका म्हणायचे.

मी त्यांच्याशी आयुष्यात सगळं मिळून फार तर एखादा तास बोलले असेन. ते माझ्याशी पुष्कळ बोलले. मी इंग्रजी शाळेत जायचे आणि आमच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून पुस्तक वाचायचे, म्हणून त्यांनी माझं नाव 'म्याडम' ठेवलं होतं. मी उत्तर देते की नाही याची त्यांना फिकीर नसे. माझ्यासारख्या मुलीला असा माणूस बरा वाटतो.

सुधाकरकाकांचं मूळ गाव मोर्शीकडचं. घरची थोडी संत्र्याची झाडं, भाजीपाला, आणि त्यातूनच पुढे ट्रक. हंगामात तो शेंदूरजनाघाटची संत्री वाही, एरवी इथली भाजी अकोल्याच्या बाजारात नेई. गाडी दोघा भावांची. थोरले सुधाकरकाका अमरावतीला राहत आणि माल भरून देत. धाकटे बंडूकाका अकोल्याला राहत आणि गाडी चालवत. भावापेक्षा वयानं बरेच लहान, अंगानं काडीसारखे, कमी बोलणारे. गाडी दोन्ही घरांच्या मध्ये येत-जात राही. या प्लॉटवर ती उभी राहिली की काकांच्या ओट्यावर सावली पडे, आणि काका म्हणत, "बंड्याची सावली आली."

संत्र्याचा शेवटचा माल गेला, उन्हं कडक झाली, की एक दिवस ट्रकचं तेल बदलायचं. इंजिनाचं नव्हे, ते काम बंडूकाका वाटेत कुठेही करून घेत. हे गेअरबॉक्सचं, आणि मागच्या चाकांच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा असतो त्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं. काका त्याला भोपळा म्हणत. हे काम घरीच व्हायचं. काही बायका आमच्याकडे मसाला घरीच कुटतो असं सांगतात ना, अगदी त्या सुरात काका सांगत, "तेल आमी घरीच बदलतो."

गॅरेजवर त्यांचा विश्वास नव्हता. "तेल तेच, बिल नवं," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा माझ्या बाबांची कार सर्व्हिसिंगला जाणार होती. काका मुद्दाम आले, रस्त्यावर आडवे झाले आणि त्यांनी तेलाच्या बुचावर खडूनं एक रेघ ओढून ठेवली. "आता पाहा मजा. बूच उघडलंच नाही तर रेघ जागीच राहीन." संध्याकाळी कार परत आली. काका पुन्हा आडवे झाले आणि बराच वेळ खालीच राहिले. बाबा वाकून विचारतात, "काय झालं?" आतून पडलेला आवाज आला, "बदललं हो." त्या दिवशी त्यांना चहा गोड लागला नाही. काकूंनी हे पुढे किती जणांना सांगितलं असेल.

तेलाच्या दिवशी बंडूकाका सकाळीच अकोल्याहून यायचे. गाडी प्रवासानं तापलेली असायची, तेच हवं असे, कारण थंड तेल काकवीसारखं घट्ट असतं, बाहेर पडत नाही. मग चाकांना दगड लागत. काकू एक जुना पाट काढून देत, तो या कामापुरताच होता. काकांचं पोट मोठं, म्हणून ते पाटावर बसत. बंडूकाका गाडीखाली सरपटत जात. आणि सगळ्याआधी काका एक लाल फडकं ट्रकच्या स्टिअरिंगला बांधत. फडकं असेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. ते बांधायचंही काकांनी आणि सोडायचंही काकांनीच.

भोपळ्याला दोन बुचं. एक वर, त्यातून तेल भरायचं. एक तळाशी, त्यातून जुनं सोडायचं. काका बजावत, "वरचं आधी. वरचं उघडते का पाह्यल्याशिवाय खालच्याले हात लावू नको. नाई तर गाडी रिकामी, अन् भरायची जागा जाम." हे ते बंडूकाकांना दर वर्षी सांगत आणि बंडूकाका दर वर्षी "हो भाऊ" म्हणत. मला पुढे अकोल्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी पेढे द्यायला गेले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्याडम, वरचं बूच पाहून ठेवलं का? परत याले जमलं पायजे."

जुनं तेल घमेल्यात पडलं की दोघं भाऊ त्यात वाकून बघत. बुचाला लोखंडाचा कीस चिकटलेला असे. तो जरा जास्त दिसला की काका भावाकडे बघत. "घाटात गाडी रेटली वाटते." बंडूकाका हसत. मग खालचं बूच घट्ट करून नवं तेल भरायला घेत. अर्धा डबा बंडूकाका भरत. तेवढं झालं की ते वरचं बूच नुसतं हातानं लावून ठेवत, धूळ जाऊ नये म्हणून, आणि जेवायला बसत. उरलेला डबा काकांचा. काका जेवून येत, बूच उघडत आणि हळूहळू भरत राहत. वरच्या भोकापर्यंत तेल आलं की पुरे. ते कळायचं कसं, तर करंगळीशेजारचं बोट आत घालून खाली वाकवायचं. ओलं झालं तर भरलं.

काका बोट घालत. मग हाक मारत, "बंड्या, तुहं बोट." बंडूकाका हात धुतलेले असले तरी येत, बोट घालत आणि वर धरून दाखवत. दोघांची बोटं ओली झाल्याशिवाय बूच पान्ह्यानं आवळलं जात नसे आणि लाल फडकं सुटत नसे.

एकदा मी भिंतीवरून विचारलं होतं, एकाचं बोट ओलं झालं की दुसऱ्याचं कशाला. मी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न. काकांनाही नवल वाटलं असावं, कारण त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. म्हणाले, "एकट्याले घाई राह्यते वं पोट्टी. दोघांले एकाच वेळी घाई नाई राहत."

ज्या उन्हाळ्यात मी बारावीत गेले, त्या उन्हाळ्यात ट्रक लग्नसराईच्या कामात अकोल्यालाच अडकला आणि बंडूकाकांनी तेल तिथल्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं. भावाला सांगायचं राहून गेलं. नंतर काका कामासाठी अकोल्याच्या बाजारात गेले असताना हमालांच्या बोलण्यातून त्यांना ते कळलं. त्यांनी पान्हा मागवला, भर बाजारात ट्रकखाली वाकले, बूच उघडलं आणि बोट घातलं. बोट ओलं निघालं.

"बराबर हाय," ते म्हणाले.

पुढचं काकूंनी भिंतीपाशी उभं राहून माझ्या आईला सांगितलं, तेच मला माहीत आहे. बंडूकाकांनी विचारलं, "भाऊ, बोट काहून घातलं?"

"सवय हाय."

"घरी घालता ते वेगळं. आज चार लोकांत तुमी मले खोटा ठरवून राह्यले."

काका त्या वेळी गप्प बसले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "गॅरेजवर तेल भरलं तवा दुसरं बोट कोनाचं होतं? माहं तर नव्हतं."

तेव्हापासून बंडूकाका बोलेनासे झाले. गाडी येत होती, माल जात होता, हिशेब काकूंच्या फोनवर होत होते. सावली ओट्यावर पडत होती. फक्त दोघं भाऊ एकमेकांकडे बघत नसत.

पुढचा मे आला. काकांना वाटत होतं बंडू या वर्षीही गॅरेजलाच जाईल. पण एका सकाळी ट्रक आला, तापलेला, आणि बंडूकाकांनी येताना तेलाचे डबेही आणले होते. काका पाट घेऊन आले. फडकं बांधलं. मी भिंतीवर होते, हाच माझा उपयोग झाला.

"म्याडम, त्याले म्हना, दगड नीट लावला का?"

मी म्हटलं, "बंडूकाका, दगड नीट लावला का?" ते माझ्यापासून जेवढे लांब होते तेवढेच काकांपासूनही होते.

"लावला म्हना."

"लावला म्हणतात."

"वरचं बूच आधी म्हना."

बंडूकाका गाडीखालून म्हणाले, "म्हना, दर वर्षी तेच आयकतो." आणि मला दिसलं, काका मान खाली घालून हसले. मला वाटलं, आज मिटेल. मग आईनं मला जेवायला आत बोलावलं. मी परत आले तेव्हा फडकं सुटलेलं होतं आणि ट्रक माल भरायला निघून गेला होता. काका ओट्यावर सालं घासत बसले होते. खुशीत होते.

अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रकची मागची बाजू किंचाळायला लागली. मग काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि ट्रक भर रस्त्यात बसला. बंडूकाकांना लागलं नाही. पण भोपळ्यातले दाते जळून गेले होते आणि मागे मिरच्या नि टमाटे उन्हात सडत होते. आत तेल निम्मंच होतं. बंडूकाकांनी काकूंना फोन केला. काका शेजारीच बसले होते.

"भावाले सांगा," बंडूकाका म्हणाले, "मले धडा शिकवला म्हना. एका वर्षी बोट नाई घातलं तर कसं होते, ते दाखोलं. आता खूश राहा म्हना."

काकांनी फोन हातात घेतला नाही. ट्रक अकोल्यालाच दुरुस्त झाला आणि अकोल्यालाच राहिला. त्यानंतर या प्लॉटवर गवत वाढलं, त्या एका कोपऱ्याखेरीज.

त्या पावसाळ्यात एकदा काका भिंतीला टेकून उभे होते. मी पुस्तक वाचत होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. "म्या ठरोलं होतं वं. यंदा त्याच्या भरलेल्यात बोट नाई घालाचं. भर बाजारात घातलं, तर घरी नाई घालाचं. आपोआप समजीन त्याले. गेलो, तं बूच नुसतं हाताचं लावलेलं. म्हटलं, बोलत नाई तं यंदा सारं त्यानंच भरलं असन, बिचारा आवळाचं इसरला. बोललो असतो तं पुन्हा चूक काढल्यासारखं झालं असतं. पान्ह्यानं आवळून देल्लं, गुपचूप. अन् डब्यात तेल होतं तं म्हटलं, वाढीव आनलं असन." मग म्हणाले, "पन त्यानं निम्मंच काहून भरलं असन? एवढा राग?"

मी अकोल्याला राहायला गेल्यावर पहिल्या सुट्टीत काकूंनी माझ्याबरोबर बंडूकाकांच्या घरी कुरडया पाठवल्या. बंडूकाका अंगणात एकटेच होते. ट्रक दाराशी उभा होता. मी पिशवी दिली आणि निघणार, तर ते म्हणाले, "बस ना. चहा येते." मग म्हणाले, "तू तवा भितीवर होती, नाई का? भाऊ आला होता ना मांगून, मी जेवाले बसलो तवा?"

मी म्हटलं, मला आत बोलावलं होतं.

"म्या त्याचा अर्धा डबा तसाच ठेवला होता. बूच हातानंच लावलं. वाटलं, येईन, उघडीन, भरीन, अन् हाक मारीन. बंड्या, तुहं बोट म्हनीन. म्हनून मी जेवूनबी हात धुतले नाई. तशाच हातानं बसलो होतो. बाहेर आलो तं फडकं सुटेल होतं."

चहा आला. आम्ही तो प्यालो. मी हे सगळं माझ्यापाशी ठेवून दिलं असतं, माझा स्वभावच तसा आहे. पण दिवाळीत घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी भिंतीपाशी जाऊन काकांना ते सांगितलं. बंडूकाकांच्याच शब्दांत सांगितलं. निरोप पोचवायची मला सवय होती.

काका ऐकून घेत होते. त्यांनी भिंतीवरची एक खपली नखानं काढली, मग दुसरी. "हात नव्हते धुतले त्यानं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माह्यासाठी ठेवलं होतं?"

"हो."

ते आत गेले. मला वाटलं फोन करतील. दुसऱ्या दिवशी मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "फोनवर काय बोलनार? बोट फोनमधून घालता येते का? संत्रा निघू दे. तेलाचे दिस आले का मीच अकोल्याले जातो." काकू म्हणाल्या, आजच जा. बस आहे, रेल्वे आहे. काका म्हणाले, "बिनकामाचा गेलो तं तो अवघडीन. काम पायजे." त्यांनी तेलाचा एक डबा आणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. त्यावर पोतं टाकलं. येता-जाता त्या पोत्याकडे बघत. संत्रा निघाला. थंडी आली. उन्हं तापायला अजून अवकाश होता, आणि संक्रांतीनंतर एका सकाळी आंघोळ करून उठताना काका न्हाणीतच पडले. लकवा. उजवी बाजू गेली. बोलणंही जड झालं.

बंडूकाका दवाखान्यात आले होते, पण तिथे सतत माणसं असत. दोघं बोलले का, कुणी बघितलं नाही. काका घरी आले. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर.

मे महिन्यात मी सुट्टीवर घरी होते. सकाळी ओळखीचा आवाज आला. मी गच्चीवरून बघितलं, ट्रक प्लॉटच्या गवतात शिरत होता. बंडूकाका उतरले, चाकांना दगड लावले आणि ओट्यापाशी गेले. पोत्याखालचा डबा त्यांनी उचलला. काकूंनी पाट आणून दिला. लाल फडकं कुठे आहे ते काकूंनाही आठवेना, तेव्हा काकांनी डाव्या हातानं आतल्या खुंटीकडे दाखवलं. बंडूकाकांनी त्यांची खुर्ची उचलून ट्रकच्या मागच्या चाकाजवळ आणली, फडकं त्यांच्या डाव्या हातात दिलं, पण तो हात स्टिअरिंगपर्यंत नेता येईना, म्हणून मग स्वतःच बांधून आले.

मी भिंतीवर येऊन बसले. माझी गरज नव्हती. बंडूकाका खालून म्हणाले, "भाऊ, वरचं आधी उघडलं." काकांनी मान हलवली. घमेल्यात तेल पडलं तेव्हा बंडूकाकांनी बुचावरचा कीस त्यांना दाखवला. मग अर्धा डबा भरला. बूच हातानं लावलं. आणि जेवायला न जाता तिथेच धुळीत बसून राहिले. काकाही बसून राहिले.

मग बंडूकाकांनी उरलेलं भरलं. स्वतःचं बोट घालून बघितलं. खुर्ची ट्रकच्या मागून आणखी पुढे, भोपळ्यापाशी ओढली, खुर्चीतला माणूस पुढे वाकवला, एका हातानं त्यांची छाती सावरली आणि दुसऱ्या हातानं त्यांचा उजवा हात उचलला. निर्जीव हात जड असतो, ते दिसत होतं. करंगळीशेजारचं बोट वेगळं करून त्यांनी भोकात घातलं आणि खाली वाकवलं.

"भाऊ, तुमचं बोट. ओलं झालं का?"

त्या हाताला महिनोन्‌महिने काहीच कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, बंडूकाकांनाही. काका तोंडानं शब्द जुळवत होते. बोट अजून आतच होतं, आणि त्यांची नजर बोटाकडे नव्हती, भावाच्या तोंडाकडे होती.

"पु... रे," ते म्हणाले.

बंडूकाकांनी बोट बाहेर काढलं, ते पुसलं नाही, हात तसाच त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि बूच आवळायला खाली गेले. काकांना मी नीट बघितलं ते तेव्हा शेवटचं. दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला परतले आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ते राहिले नाहीत. त्या वेळी खुर्चीत एका बाजूला कलून, डाव्या हातानं उजवं मनगट पकडून ते तो हात वर उचलायचा प्रयत्न करत होते. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी मान खाली आणली, जेवढी येत होती तेवढी, आणि ते बोट नाकाशी धरून वास घेत राहिले.